आबुंदिओच्या नावाची हजेरी

प्रिय आबुंदिओ,

तुझं भाषण पाहिलं. तेओफिला मावशीच्या नातीने फोनवर लावलं आणि आम्ही चुलीपाशी बसून ते शेवटपर्यंत ऐकलं. पांढरा सदरा तुला शोभतो. राजधानीत लोक तुझ्याकडे जगण्याचं कारण शोधायला येतात हे ठाऊक होतं, पण इतके येत असतील असं वाटलं नव्हतं. मावशी म्हणाली, "यांचं कारण हरवतं तरी कुठे? इथे गावची सभा हातात देते, नको म्हटलं तरी." मी हसले. तेवढ्यात तू पाण्याच्या टाकीची गोष्ट सुरू केलीस.

ती मीच तुला सांगितली होती. तू म्हणालास, डोंगरावर मी एकटा होतो, टाकीचं झाकण हातावर पडलं, रक्त थांबेना, आणि खालून कुणीतरी पाणी आल्याची हाक दिली तेव्हा मला कळलं मी कशासाठी जन्मलो. लोक रडत होते. तू हात वर केलास. पाचही बोटं धड होती. माझ्या करंगळीला अजून नख आलेलं नाही. मला त्या पहाटे काहीच कळलं नव्हतं. दुखत होतं, आणि शेळ्या सोडायच्या राहिल्या होत्या.

बाबांनी घर तुझ्या नावावर केलं. घर ज्याच्या नावावर, गावकी त्याने करायची. सभा सांगेल ते काम, बिनपगारी. केली नाही तर जागा गावाची. तू निघून गेलास तेव्हा बाबा मला म्हणाले, तो येईपर्यंत त्याच्या जागी तू उभी राहा. मी उभी राहिले. सभेत तुझं नाव पुकारलं की मी 'हजर' म्हणायची. पहिल्या वेळी सगळे बाक हसले. समोरच्या बाकावरून डॉन सिरेनिओ म्हणाला, "आबुंदिओ, झगा छान आहे रे तुझा." पुढे हसणं थांबलं. पुढे रस्त्यातही मला त्याच नावाने हाक मारू लागले, आणि मी वळून बघू लागले. देवळाची घंटा सांभाळली, मग टाकी, मग संताच्या उत्सवाचा कारभार. दर वेळी काम संपलं की सभा उभी राहून म्हणायची, आबुंदिओने सेवा चोख केली. एर्मोहेनेस मला मागणी घालायला आला तो उत्सवाच्याच वर्षी. त्याच्या घरी गेले असते तर तुझी जागा रिकामी पडली असती. तो अंगणात कॉफी पिऊन गेला. आता त्याला नातवंडं आहेत.

गेल्या वर्षी सभेने ठरवलं की बायकांनाही स्वतःच्या नावाने गावकी करता येईल. मी डॉन सिरेनिओकडे गेले. आता सभेच्या मधल्या खुर्चीत तोच बसतो. म्हटलं, इतक्या वर्षांची सेवा माझी आहे, ती माझ्या नावावर करा. तो माणूस वाईट नाही. बराच वेळ टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, सेवा नावाला चिकटते, बाई, अंगाला नाही. भाऊ सभेत येऊन 'हे सगळं तिचं' म्हणाला तर बघू.

म्हणून मी तुला फोन केला होता. तू शिबिरात होतास. दोन आठवड्यांनी तुझा फोन आला. मी सगळं सांगितलं. एक दिवस ये, एक वाक्य बोल, आणि जा, एवढंच मागितलं. तू शांतपणे ऐकलंस. मग म्हणालास, "ताई, सेवा करणाऱ्याने नाव मागू नये. मी लोकांना हेच तर शिकवतो."

परवाच्या सभेत तुझं नाव आलं. मी मावशीशेजारी बसले होते, हात मांडीवर. एकदा पुकारलं. मी बोलले नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तीनदा उत्तर आलं नाही तर नाव कमी होतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. डॉन सिरेनिओ तिसऱ्यांदा पुकारायचा थांबला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आबुंदिओ, अगं, बोल की."

मी बोलले नाही.

नाव गेलं. नावाबरोबर घंटा गेली, टाकी गेली, उत्सव गेला. मग नव्या नावांची यादी वाचली. तिच्यात शेवटी मीच दिलेलं एर्मेलिंदा होतं. मला लगेच 'हजर' म्हणता आलं नाही. नाव ओळखीचं वाटलं नाही. मावशीने कोपर मारलं तेव्हा आवाज फुटला. नवं नाव म्हणजे सुरुवात तळापासून, आणि तळाला तोपील. मिसरूड फुटलेल्या पोरांचं काम आहे ते: हातात काठी घेऊन सभेचा निरोप दारोदार पोचवायचा. मागून कुणीतरी विचारलं, या वयात ही पळणार का? मावशी म्हणाली, "पळेल. तुम्ही बसून दमता तितकी दमणार नाही." काठी माझ्यासाठी आखूड आहे. घर मात्र राहिलं, मी पहिल्यापासून सगळं पुन्हा करीन या अटीवर. सगळं पुन्हा करण्याइतकं आयुष्य उरलेलं नाही, हे मलाही कळतं आणि सभेलाही. तुझ्याकडे येणाऱ्यांना सापडतं तसं मला काही सापडलं असेल असं समजू नकोस. घरी येऊन मी खूप वेळ भांडी घासत होते.

हे पत्र मन मोकळं करायला लिहिलेलं नाही. ज्याचं नाव कमी होतं त्याला सभेचा निरोप तोपीलने स्वतः द्यायचा असतो, आणि जो लांब आहे त्याला लिहून. माझ्या नावावर पडलेलं हे पहिलं काम. तर कळवते: आबुंदिओ, सभेने तुला तीनदा हाक मारली. तू हजर नव्हतास. आता गावाचं तुझ्याकडे काही मागणं नाही, आणि तुझंही गावाकडे काही नाही. उत्तराची गरज नाही.

तुझीच बहीण,
एर्मेलिंदा
तोपील