पाचवं शील

खापरखेडा, दि. १० ऑक्टोबर १९८१

ति. सिंधूताईस,
बळीरामचा सविनय जयभीम. वि. वि.

दसऱ्याला विहारातून न जेवता, न सांगता निघून आलो. तू थोरली बहीण, आणि तुझ्याच मोहल्ल्यात तुला मान खाली घालायला लावली. माझा आवाज बरा म्हणून पूर्वीसारखंच पंचशील सांगायला मला उभं केलंत. मी सांगायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं. चार शिलं झाली आणि पाचव्याला, दारूच्या शिलाला, तोंडच उघडेना. सकाळी बस धरण्याआधी घेतली होती. लेकरं हात जोडून वाट पाहत होती. शेवटी म्हाताऱ्या नत्थूबाबांनी ते पूर्ण केलं आणि मी चपला शोधायला लागलो.

खरं सांगतो, इथल्या विहारात मी मागच्या रांगेत उभा राहतो आणि पाचव्याला ओठ मिटून घेतो. शील घेतलंच नाही तर मोडायचा प्रश्न नाही, अशी मनाची समजूत घातली होती. पुढे उभं राहिल्यावर ओठ मिटायला जागा उरली नाही.

अजून भाऊ म्हणत असशील तर माया ठेव.
तुझा, बळीराम

नागपूर, दि. १६ ऑक्टोबर १९८१

चि. बळीरामास,
सिंधूताईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. चपला शोधल्यास म्हणतोस, पण घालून गेलास त्या नत्थूबाबांच्या. तुझ्या होडग्याएवढ्या चपला इथेच आहेत. म्हातारा त्यांतून फटक फटक करत घरी गेला. मी नव्या घेऊन देते म्हटलं तर नको म्हणाले. ज्याच्या आहेत तो न्यायला येईल, म्हणाले.

तुझी समजूत मात्र अजब. शील घेतलं नाही म्हणून लिव्हर सुजायचं राहतं का? पंचफुला नवऱ्याबद्दल सांगत नाही, पण तिचा चेहरा मला वाचता येतो. मला अक्षरं तूच शिकवलीस. त्याच अक्षरांत लिहिते, सोड आता.

प्रेमिलाचं लग्न वैशाखात करायचं ठरलं. लेकीच्या लग्नात पंचशील तिच्या मामानेच सांगायचं. दुसरा कोणी मी उभा करणार नाही.

तब्येत सांभाळ, पत्र टाकत जा.
तुझी ताई

खापरखेडा, दि. ४ डिसेंबर १९८१

ति. सिंधूताईंना,
पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

दारू सोडली असं यांनी गेल्या महिन्यात तुम्हाला लिहिलं. ते पत्र पेटीत टाकायला गेले आणि दारूच्या भट्टीवरूनच परतले. नवऱ्याचं उघडं कसं करावं म्हणून मी गप्प बसले. माझीच मला लाज वाटते.

आता गप्प राहून भागत नाही. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की यापुढे घेतली तर मला बोलावू नका. हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. कोळशाच्या कामावर यांच्याच पाळीत असलेले गिरिधरभाऊ म्हणाले, पाळी सुटली की मी घरी आणून सोडीन, भट्टीवरून नाही, रेल्वे लाइनच्या कडेने. फेरा पडतो, पण पडू दे.

ताई, तुम्ही या. तुमच्यासमोर हे खोटं बोलत नाहीत, पत्रातच बोलतात.

धाकटीवर लोभ ठेवावा.
पंचफुला

खापरखेडा, दि. २० फेब्रुवारी १९८२

ति. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर सुनं वाटतं. तू लावून दिलेलं ताक, भाकर आणि बिनतेलाची भाजी अजून चालू आहे. भूक लागते. डोळे निवळले.

पण लाज फार वाटते. मिशा पिकल्या आणि मला माणूस घरी पोचवायला लागतो. क्वार्टरच्या बाया ओट्यावरून बघतात. परवा गिरिधरभाऊला चुकवून भट्टीच्या वळणापर्यंत गेलो. तो मागून आला आणि बाजूला उभा राहिला. मग आम्ही दोघं परत फिरलो. दिवसभर कोळशात राबलेला माणूस, माझ्यापायी दुप्पट चालतो. मला मान वर करवेना.

म्हणून विनवतो, लग्नात दुसऱ्याला सांग. मी मागे बसेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा, बळीराम

नागपूर, दि. १ मार्च १९८२

चि. बळीरामास,
जयभीम व आशीर्वाद.

पाचवं सांगवत नसेल तर चारच सांग. पुढचं आमचं आम्ही बघू. इतवारीत साड्या घ्यायला पंचफुलाला पाठव, आणि लग्नाला येताना म्हाताऱ्याच्या चपला विसरू नकोस.

वाट पाहते.
तुझी ताई

खापरखेडा, दि. १२ मे १९८२

ति. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. प्रेमिलाची खुशाली कळव. तिच्या सासरचे माझ्याबद्दल काय म्हणाले तेही कळव, चांगलं नसलं तरी.

मांडवात या वेळी न पिता उभा राहिलो. एवढंच. चार शिलं सांगितली, आणि पाचव्याला पुन्हा तसंच. वाटलं, पोरीच्या लग्नातही तोच तमाशा. तेवढ्यात नत्थूबाबा उठून म्हणाले, "पाचवं आमी सांगतो गा, तू मांगून म्हन."

हे तूच ठरवून ठेवलं होतंस, मी ओळखलं. कारण मग एकटे नत्थूबाबा नव्हते. तू, पंचफुला, गिरिधरभाऊ, सारा मोहल्ला एकेक शब्द सांगत होता आणि मी एकटा, शाळेतल्या पोरासारखा, मागून म्हणत होतो. आवाज मध्येच फुटला. तरी शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं. नवरदेव बघत होता, व्याही बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं, ताई. पण आता लपवायला काही उरलं नाही.

नत्थूबाबांच्या चपला नवा तळ लावून नेल्या होत्या. पुढे ठेवल्या तर त्यांनी माझ्या चपला आपल्या पायांतून काढून दिल्या. घरी येऊन पाहतो तर पट्ट्यांना सुतळी गुंडाळलेली, त्यांच्या पायापुरती घट्ट केलेली. हिवाळाभर, उन्हाळाभर म्हातारा त्यांतच फिरला.

ती सुतळी मी सोडलेली नाही. पायाला काचते. काचू दे. उद्या गिरिधरभाऊसोबत त्याच घालून कामावर जाईन.

धाकट्याचं चुकतं हे धरून माया असू दे.
तुझा, बळीराम