डावीकडचं धुरांडं

द हेग,
नोव्हेंबर (पाऊस, अजूनही)

तीर्थरूप श्रीकांतमामांना यतीनचा दंडवत, आणि मामींना वेगळा (मागच्या पत्रात दोघांत एकच घातला, ते त्यांनी फोनवर ऐकवलं). तुमचा गुडघा आता जिना मानतो का? निर्गुडीचा शेक सोडू नका. आम्ही दोघं खुशाल आहोत. सुमेधा सध्या शेजारी असते. काळजी करू नका, भांडण नाही, ती उबेला गेली आहे. सविस्तर लिहितो.

तुम्ही डिसेंबरात येणार म्हटल्यावर सुमेधाने ठरवलं की या जुन्या घरात लाकडाची शेगडी हवीच. बैठकीत विटांचा मोठा कोनाडा आहे, त्यावर धुरांडं आहे, मग अडलं कुठे? बिडाची शेगडी आली. आणणाऱ्यांनी ती हॉलमध्ये टेकवली आणि कंबर धरून निघून गेले. पण जुन्या धुरांड्याखाली तशीच आग पेटवायची नसते. आधी काजळी खरवडायची, मग छपरावरून आत स्टीलचा नळ सोडायचा, म्हणजे विटांच्या फटींतून धूर घरात शिरत नाही. या कामाला वाउटर नावाचे गृहस्थ आले. (त्यांची वेळ मिळवायला जेवढे फोन केले, तेवढे आमच्या लग्नाच्या कार्यालयासाठीही केले नव्हते.)

इथली घरं एकमेकांना चिकटलेली. आमचं आणि शेजारच्या यानेकेबाईंचं धुरांडं बाहेरून जोडीचं, आत मात्र दोन वेगळी. वाउटरनी विचारलं, "तुमचं कुठलं?" मी म्हणालो, "डावं." मी रस्त्यावर उभा होतो. ते शिडी लावून चढले मागच्या बागेतून. (डावं ते डावंच, असं माझं अजूनही मत आहे. माणसाने कुठून चढावं हे मी कोण सांगणार?)

मी कोनाड्यात डोकं घालून नळाची वाट बघत बसलो. वाउटर छपरावरून फोनवर विचारत, "आला का?" मी म्हणे, "नाही." की ते आणखी ढकलत. असं बराच वेळ चाललं. शेवटी ते म्हणाले, "नळ संपला." तेवढ्यात बेल वाजली. दारात यानेकेबाई. इथे आपण घरी नसलो की आपलं पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवून जातात, ते सांगायला येतात त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "तुमचं काहीतरी माझ्याकडे आलंय."

जाऊन बघतो तर नळ त्यांच्या कोनाड्यातून निघून, सुकलेल्या फुलांची परडी आडवी करून, पार सोफ्याशी पोचलेला. सोफ्यावर त्यांची मैत्रीण पाय वर घेऊन बसली होती (कॉफीचा कप तिने सोडला नव्हता). वाउटरनी वरून नळ ओढला तर भिंत कुरकुरली. तो मधल्या वळणात घट्ट बसला होता. "ओढला तर येईल," ते म्हणाले, "पण धुरांडं घेऊन येईल."

यानेकेबाईंनी थोडा विचार केला. "नळ माझ्याकडे, शेगडी तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "दोघांपैकी एकाला हलावं लागेल." मामा, नळ तर हलणार नव्हता. शेगडी गेली. वाउटरनी नळ बेताचा कापून तिला जोडला, धूर सरळ वर गेला आणि सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं नव्हतं, असं ती म्हणते.

तेव्हापासून मी आमच्या अंगणात लाकडं फोडतो आणि कुंपणावरून पलीकडे देतो. सुमेधा तिकडे शेगडीपुढे बसून ऑफिसच्या मीटिंगा करते. त्या दोघींचं फार जमलं आहे. मी जाकीट घालून घर राखतो. माझी शेगडीशी बसायची वेळ गुरुवारी संध्याकाळची आहे, आणि चहा आपला आपण न्यायचा असतो.

बाकी सर्व ठीक. मामींनी लोणचं पाठवायचं मनात आणलं तर आम्ही आड येणार नाही.

तुमचा भाचा,
यतीन

ता. क. : यानेकेबाईंकडे आगाऊ वेळ घेतल्याशिवाय बसता येत नाही. तेव्हा डिसेंबरात तुम्हाला कोणकोणत्या दिवशी थंडी वाजेल ते लवकर कळवा.

ता. क. दुसरा : वरचं राहू द्या. यानेकेबाई हिवाळाभर मुलीकडे स्पेनला चालल्या आहेत आणि घराला कुलूप घालणार आहेत. तेव्हा मुद्द्याचं एवढंच, की येताना माझ्यासाठी एक जाड घोंगडी आणा. सुमेधा घरी परत येते आहे, तेव्हा दोन आणा.