काकांचा संप, काकूचा डोळा

॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
८ जानेवारी २०२५

चि. मनवास नृसिंहकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन परवा आला, पण फोनवरचं बोलणं मी धरत नाही हे तुला ठाऊक आहे. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी गेली. जे कागदावर नाही ते झालंच नाही, अशी सवय लागली. म्हणून लिहितो, आणि तूही लिहूनच उत्तर दे. तुझं पत्र आलं की काकूला वाचून दाखवायला मलाही बरं वाटतं. तिला आता पेपरातले मथळेसुद्धा लागत नाहीत.

तुम्हा इंटर्न पोरांना सरकारनं पाच महिने विद्यावेतन दिलेलं नाही आणि तुम्ही संपावर जाताय, हे ऐकून वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. सत्त्याहत्तरच्या कर्मचारी संपानंतर आपल्या घराण्यात कुणी काही केलेलंच नव्हतं. तुझा बाप राजूरला इतकी वर्षं मास्तरकी करतोय, पण शाळेची घंटा पाच मिनिटं आधी देण्यापलीकडे त्याची मजल गेली नाही. पाचवीपासून तू आमच्याकडे राहून शिकलीस, त्याचाच हा गुण म्हणायचा.

आता अनुभवाचं सांगतो. तातडीचा रुग्ण कधीही अडवू नका, नाहीतर लोक उलटतात. बाकी सगळं बंद म्हणजे बंद. नुसत्या इंटर्नना कुणी विचारणार नाही, तेव्हा निवासी डॉक्टरांना बरोबर ओढा. आम्ही झेडपीवाल्यांना ओढलं तेव्हा कुठं मंत्रालयाला जाग आली. तोंडी आश्वासन कुणाचंही घेऊ नका, कागद मागा. आणि अपवाद करू नका. पहिला अपवाद नेहमी नातेवाइकाचा असतो, आणि संप तिथंच मोडतो. हे वाक्य लिहून ठेव.

काकूच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूला तुमच्याच हॉस्पिटलात सोळा तारीख मिळाली आहे. डावा काचबिंदूनं गेलाच, त्यामुळे सगळी मदार आता ह्या एकावर. फार पिकू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे. ऑपरेशन मोठे डॉक्टर करतात, तेव्हा तुमच्या संपाचा त्याच्याशी काही संबंध येत नाही, हे मी काकूला समजावून सांगितलं आहे.

थंडी फार आहे, मंडपात कान बांधून बस. लोभ आहेच, निदान संप मिटेपर्यंत तो कमी करू नये.

तुझा,
नृसिंहकाका


नगर,
१३ जानेवारी २०२५

ती. काकांस मनवाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मंडपात मोठ्यानं वाचलं. हर्षल म्हणून माझ्याच बॅचचा मुलगा आमच्या संघटनेचा अध्यक्ष आहे. तो इतका भारावला की तुमचं अपवादाचं वाक्य त्यानं फ्लेक्सवर छापून घेतलं. खाली ‘एक ज्येष्ठ संपकरी’ असं आहे. तुमचा फोटोही टाकायचा होता, पण माझ्याकडे तुमचा एकच निघाला, एका मुंजीतला, सोवळ्यातला. तो काही संपाला शोभला नसता.

आमच्या विद्यावेतनाची फाईल दोन खात्यांमध्ये फिरते आहे. एक खातं म्हणतं मुलं तुमची, दुसरं म्हणतं हॉस्पिटल तुमचं. फाईलच्या प्रवासाला मात्र दोन्हीकडून मंजुरी आहे. आम्हाला भेटायला रोज कुणीतरी येतं, आमच्याबरोबर फोटो काढतं आणि शेंगदाण्याची चिक्की देऊन जातं. संक्रांत आहे म्हणून बरं, नाहीतर नुसतेच फोटो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे निवासी डॉक्टरांना ओढलं. शनिवारी ते सगळेच्या सगळे आले. काका, ते आले म्हणूनच ठरलेली ऑपरेशनं थांबली. मोठे डॉक्टर ऑपरेशन करतात हे खरं, पण रुग्णाला भरती करणारे, तपासणारे, थेंब घालून टेबलापर्यंत नेणारे आम्ही आणि ते. काकूची सोळा तारीख गेली. पुढची तारीख संप मिटल्यावर.

समितीच्या बैठकीत काकूचं नाव दोनदा माझ्या तोंडावर आलं. समोर फ्लेक्स होता. दोन्हीदा मी पाणी प्यायले.

डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा तिचं डोकं चढलं, तर कुणालाही न विचारता तिला घेऊन या. तो अपवाद नाही, तो नियमच आहे; तातडीचा विभाग आम्ही चालू ठेवला आहे. आणि तारीख का गेली ते काकूला तुम्हीच सांगा. मी फोन लावला होता, पण तिचा आवाज ऐकल्यावर मला सांगवलं नाही, मी नुसती हवापाण्यावर बोलत राहिले. तिचा डोळा माझ्यामुळे गेला तर काय, एवढं एकच डोक्यात फिरतंय.

तिळगूळ पोस्टात चिकटतो म्हणून पाठवत नाही, गोड बोलणं मात्र चालू असावं. आशीर्वादाची गरज नेहमीपेक्षा जास्त आहे.

आपली,
मनवा


॥ श्री ॥
देवळाली प्रवरा,
१७ जानेवारी २०२५

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फ्लेक्सचं वाचून आनंद झाला. किती फुटी आहे? आणि तो रस्त्यावरून दिसतो की फक्त आतल्या लोकांना, हेही कळव. संप मिटल्यावर काढून टाकतात का?

काकूला मी सांगितलं की हॉस्पिटलचं मशीन बिघडलं आहे आणि त्याचा पार्ट मुंबईहून यायचा आहे. पार्ट म्हटलं की पुढच्या चौकशा थांबतात, हा माझा खात्यातला अनुभव. तुझं पत्र वाचून दाखवताना मात्र मधला बराच मजकूर गाळावा लागला. पत्र फारच आखूड झालं, आणि तू आमच्यावर रागावली आहेस असं तिच्या मनानं घेतलं आहे.

रोज सकाळी मी टॉर्च लावून तिचा डोळा पाहतो. अद्याप लाली नाही. काल कांदा चिरल्यावर थोडा लाल दिसला. मी पिशवी भरून चपलासुद्धा घातल्या, पण तेवढ्यात पूर्ववत झाला. लाली कितपत असली म्हणजे तुम्ही लाल धरता? मी अपवाद मागत नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. नियम फक्त नीट समजून घेतो आहे.

परवा तिनं चहात दुधाऐवजी ताक घातलं. मी तो तसाच प्यायलो. काल मागच्या दाराची पायरी चुकली, कोपर सोलून निघालं. मी पळत गेलो तर मलाच म्हणाली, अहो सांभाळा, पायरी आहे. मनवा, मला भीती वाटते. हे कागदावर लिहिलं आहे, म्हणजे किती वाटते ते समज.

सचिवांनी तुम्हाला तोंडी आश्वासन दिलं आणि तुम्ही कागद मागितलात, असं पेपरात वाचलं. तत्त्व म्हणून ठीक आहे. पण प्रत्येक गोष्टीचा कागद मागत बसू नये. माणसाच्या शब्दाला काही किंमत असते की नाही? फोटोवरून सचिव चांगले घरंदाज गृहस्थ दिसतात.

उत्तर लवकर पाठव. फोन केलास तरी चालेल, मी धरीन. माया आहे तशीच ठेवावी.

तुझा,
नृसिंहकाका


देवळाली प्रवरा,
२० जानेवारी २०२५

चि. मनीस काकूचा आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या रोहिणीचं आहे, मजकूर माझा. आसारामच्या ह्या सुनेला मी शिवण शिकवते, म्हणजे शिकवत होते. काल ती पेपर घेऊन आली. म्हणाली, काकू, मनवाताईचा लई मोठा फोटो आलाय, मागं काहीतरी लिहिलंय. मी म्हटलं वाच. तिनं वाचलं आणि मला वाक्य ओळखीचं वाटलं. सत्त्याहत्तर साली तुझे काका झोपेतसुद्धा हेच बोलायचे. मग मी तिच्याकडून तुझं पत्र काढवून पुरतं वाचून घेतलं. चांगलं लांबलचक निघालं. कुठलं मशीन बिघडलंय तेही कळलं. ते आत्ता ओट्यावर बसून पेपर वाचतंय.

त्यांना मी अजून काही बोललेले नाही. रोज सकाळी गुमान डोळा टॉर्चपुढे धरते. लाली नाही म्हटल्यावर केवढा तरी सुस्कारा ऐकू येतो. बायकोचा डोळा बरा आहे म्हणून इतकं दुःख झालेला नवरा तालुक्यात दुसरा नसेल.

तू मात्र अपवाद करायचा नाहीस. यांचं वाक्य आहे म्हणून नव्हे. त्या संपात हे नगरला मैदानावर भाषणं करत होते आणि मी गावातल्या बायकांची पोलकी शिवत होते. संप मिटल्यावर यांना हार घातले, आणि हार घालून हे घरी आले तेव्हा मी काज करत होते. तेव्हा मला संपातलं चांगलं कळतं. तू मला मागच्या दारानं आत नेलंस, तर पुढच्या दारात माझ्यासारखाच डोळा घेऊन बसलेल्या दुसऱ्या बाईला काय सांगशील? तिची कुणी पुतणी संपात नाही.

भीती वाटत नाही असं नाही. एक डोळा गेलाय, त्यामुळे जाताना कसं होतं ते मला माहीत आहे. हल्ली घरात हात पुढे करून चालते. पण तू सगळ्यांच्या देखत मान खाली घालून बसलीस, तर ते मला ह्या डोळ्यानंही दिसेल. कागद घेतल्याशिवाय उठू नका. दुखलं-खुपलं तर मी स्वतः येईन, लपवणार नाही, शब्द देते.

जीवाला जप आणि पुढचं पत्र दोघांच्या नावानं लिही, म्हणजे यांना गाळता येणार नाही.

तुझी,
काकू

ता. क. मी रोहिणी. काकूंनी सांगितलं तसंच लिहिलंय, आपल्या मनाचं काय न्हाई. शेवटी त्या रडल्या. ते लिहू नको म्हणल्या, पन मी लिहिते.


नगर,
२७ जानेवारी २०२५

ती. काका व काकूस मनवाचा शि. सा. न. वि. वि.

संप मिटला. शुक्रवारी मंत्रालयातून कागद आला. आमची मागणी तत्त्वतः मान्य झाली आहे आणि थकलेलं विद्यावेतन लवकरात लवकर देण्यात येईल. तारीख दोन्हीकडे नाही. हर्षल म्हणाला, काकांना विचारू. मी म्हटलं, काकांचं मत हल्ली आठवड्याला बदलतं.

मंडपात खूप वादावादी झाली. निम्मी मुलं तारीख हवी म्हणत होती, आणि त्यांचं बरोबर होतं. शेवटी हात वर करून मत द्यायचं ठरलं. काकू, तुझं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं, रोहिणीवहिनींच्या ता. क. सकट. संप मिटवण्याच्या बाजूनं पहिला हात माझा वर गेला. मग बाकीचे वर गेले. का म्हणून मला कुणी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

संपाचे दिवस आम्हाला इंटर्नशिपच्या शेवटी भरून द्यायचे आहेत. म्हणजे जितके दिवस फुकट काम केलं नाही, तितके दिवस आता फुकट काम करायचं. ह्या कलमाला मात्र तारीख घातलेली आहे. चिक्की देणारे सगळे पेढे घेऊन आले आणि पुन्हा फोटो झाले.

काकूचं ऑपरेशन ४ फेब्रुवारीला. रांगेत तुझा नंबर होता तिथंच आहे, मी हलवलेला नाही. सकाळी उपाशी आणू नका, हलकं काहीतरी खाऊन या. काका, टॉर्च घरी ठेवा. थेंब घालायला मीच आहे.

फ्लेक्स काढला. काका, तो तुमच्यासाठी गुंडाळून ठेवला आहे, एसटीत मावला तर घेऊन जा. आशीर्वाद असू द्यावेत, तेवढे मात्र तत्त्वतः नकोत.

आपली,
मनवा


देवळाली प्रवरा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे. ओळी वर चढताहेत, चढू देत. अजून आठ दिवस लिहायचं-वाचायचं नाही असं तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून हे बाजारात गेल्यावर लिहायला बसले.

दिसतंय. घरी आले तर भांडी मी इतके दिवस किती कळकट घासत होते ते दिसलं. तुझे काका म्हातारे झालेत, हेही दिसलं. कुणी वाचून दाखवलं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांना मशीनचा पार्ट आला का म्हणून विचारलं, तेव्हापासून भांडी तेच घासतात. फ्लेक्स त्यांनी गोठ्यावर ताडपत्रीच्या जागी घातलाय, अक्षरं आतल्या बाजूला.

पेपरात आलेला तुमचा कागदही मी वाचला. हे म्हणतात, पोरांनी संप जिंकला. मी विचारलं, तत्त्वतः म्हणजे काय हो? तर म्हणाले, म्हणजे दिलं असं धरायचं. मग काल दुपारी मी त्यांना सांगितलं की स्वयंपाक तत्त्वतः झालाय. बराच वेळ पाटावर बसून होते.

आता खरं लिहायचं ते लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माझी पट्टी काढलीत. आधी नुसता उजेड आला, मग त्यात एक मुलगी उभी दिसली. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, एप्रन खांद्यावरून उतरलेला. मला वाटलं, बिचारी कुणी पेशंट असेल, चुकून इकडे आली. मग तिनं मला काकू म्हणून हाक मारली.

मने, तुझी पत्रं वाचून घ्यायचे तेव्हा तू हसरी, चांगली अंगानं भरलेली दिसायचीस. विद्यावेतनाविना गेलेले ते पाच महिने तू काय खात होतीस, ते मला लिही. काकांची भीती बाळगू नकोस. यापुढे तुझं पत्र मीच फोडणार आहे.

खरं लिहिशील तोवर लोभ राहील.

तुझी,
काकू