हत्तीला खिसा

शनिवार, ६ जुलै

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुमचे जावई ग्रंथालयातल्या नव्या कपाटांना नंबर चिकटवण्यात दंग आहेत. परवा चुकून जेवणाच्या डब्यालाही नंबर चिकटवून घरी आले. मला यंदा दुसरी ‘ब’ मिळाली आहे. चौदा मुलगे, बारा मुली, आणि त्यांना पुरून उरणारी मी एकटी.

सोमवारचा पहिला तास आमच्याकडे ‘घरची बातमी’चा असतो. आठवडाभरात घरी काय झालं ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. कल्पना छान, पण होतं असं की अर्धी मुलं “काही नाही” म्हणून खाली बसतात आणि उरलेला सगळा वेळ एकटा पोपट खातो. पोपट म्हणजे आमचा पहिल्या बाकावरचा वाचाळ. त्याच्या मावशीच्या नणंदेच्या घराचा रंगसुद्धा आम्हाला पाठ झाला आहे. याच्या उलट आमची मुंगी. शाळा सुरू होऊन महिना होत आला, पण पोरीने तोंडातून एक शब्द काढलेला नाही. हजेरीलाही नुसता हात वर करते.

म्हणून मी एक युक्ती काढली आहे आणि ती तुमच्या गळ्यात घालणार आहे. एक कापडी हत्ती हवा. तो दर शुक्रवारी एका मुलाच्या घरी राहायला जाईल, सोबत एक वही. घरच्यांनी त्या दोन दिवसांत काय काय झालं ते वहीत लिहायचं आणि सोमवारी आम्ही ते वाचणार. दुकानातले हत्ती मी पाहिले. एकाची सोंड नुसत्या पाहण्याने निघून आली. तुम्ही शिवून द्याल का?

आणि दुसरं तेच जुनं. मागची खोली लावून ठेवली आहे. आईला जाऊन दोन वर्षं होतील. तुमच्या मशीनवरचं आवरण तेव्हापासून निघालेलं नाही हे मला माहीत आहे. तिथे एकटे बसून तुम्ही दिवसेंदिवस गप्प होत चालला आहात, आणि मला त्याची भीती वाटते. हे स्पष्टच लिहिते, कारण फोनवर तुम्ही लगेच हवापाण्याकडे वळता.

लोभ आहेच. त्याला अधूनमधून उत्तराची जोड असावी.

तुमची
ठमी

*

रविवार, १४ जुलै

चि. सौ. ठमीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचले. मी सेहेचाळीस वर्षं पँटी आणि शर्ट शिवले. हत्ती शिवला नाही. हत्तीला कंबर कुठे, खांदा कुठे, माप घ्यायचं कुठून? ज्याचं माप घेता येत नाही त्याला मी हात लावत नाही. तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला सांगावे.

मशीनवरचं आवरण तुझ्या आईने शिवलेलं आहे. ते जागेवर चांगलं दिसतं.

तुझ्याकडे येण्याबद्दल. जावईबापू सोन्यासारखे आहेत, प्रश्न त्यांचा नाही. माणूस कामाशिवाय दुसऱ्याच्या घरी गेला की दोन दिवस पाहुणा असतो आणि तिसऱ्या दिवसापासून फर्निचर. सकाळी उठून खुर्चीत बसायचं, कोणी झाडू मारायला आलं की पाय वर घ्यायचे. मला ते जमणार नाही. पुन्हा विषय काढू नये. शेजारचा न्हावी रोज पेपर वाचायला येतो, त्यामुळे मी अगदी एकटा आहे असं नाही. तो वाचतो, मी चुका काढतो.

तब्येत बरी आहे. जावईबापूंना आशीर्वाद.

कळावे. माझा लोभ दुहेरी शिलाईचा आहे, काळजी नसावी.

बाबा

ता. क. उंची किती हवी होती? नाही म्हणायलासुद्धा माप लागतं.

*

शनिवार, २० जुलै

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उंची एक फूटपट्टी आणि वर चार बोटं. बोटं मुंगीची धरा. वर्गाने फळ्यावर खडूने आखून, भांडून ठरवलेलं माप आहे, त्यामुळे त्यात बदल करायचा मला अधिकार नाही. बाकी काही लिहीत नाही, नाहीतर तुम्ही पुन्हा विचार बदलाल.

तुमची (आणि सव्वीस जणांची)
ठमी

*

रविवार, ४ ऑगस्ट

चि. सौ. ठमीस,
अनेक उ. आ.

हत्ती वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. मशीनमध्ये तेल घातलं तेव्हा आधी ती कुरकुरली, मग चालली. तीन सुया मोडल्या. न्हावी रोज समोर बसून सल्ले देत होता. हत्ती अशक्त दिसतो म्हणाला, म्हणून आणखी कापूस भरला. मग लठ्ठ दिसतो म्हणाला. त्याला सांगितलं, तू केस काप.

कापड सुटाचं आहे, राखाडी, एका गिऱ्हाइकाच्या लग्नातलं उरलेलं. डोळे म्हणजे शर्टाची बटणं. डावा कान किंचित लहान झाला आहे, ते मुलांना सांगू नये.

एक चूक झाली आहे. हत्तीच्या उजव्या कुशीला खिसा लागला आहे. चांगला झडपेचा, बटणाचा. विचार करून लावलेला नाही. बाजूची शिवण घेत होतो आणि हात सवयीने खिशाकडे वळला. ध्यानात आलं तोवर बटणाचं काजही करून झालं होतं. उसवला असता तर कापडावर सुईची भोकं दिसली असती, म्हणून राहू दिला. तुझ्या मोठ्या बाईंनी हत्तीला खिसा कशाला असं विचारलं, तर शिंपी म्हातारा झाला आहे असं सांग.

कळावे. वर्गाला माझे आशीर्वाद, आणि उचलताना सोंडेला धरू नये.

बाबा

*

शनिवार, ३१ ऑगस्ट

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या हत्तीने शाळा डोक्यावर घेतली आहे. अंगात सूट असल्यामुळे मुलांनी त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं. शिपाईमामा त्याला खरोखर सलाम करतात. मोठ्या बाई मुख्याध्यापिका असूनही पार्सल उघडताना मुलांच्या पुढे उभ्या होत्या.

पहिल्या शुक्रवारी साहेब पोपटाकडे गेले. वहीत सहा पानं भरून आली, त्यातली चार पोपटाच्या आजीची. तिच्या गुडघ्यांची सविस्तर माहिती आता वर्गाला आहे. दुसऱ्या आठवड्यात बेकरीवाल्याच्या जुळ्यांकडे गेले आणि सोंडेला पीठ लावून परतले. तिसऱ्या आठवड्यात मुंगीकडे.

मुंगीची आई परिचारिका आहे आणि वडील बस चालवतात. दोघांच्या पाळ्या अशा की एक घरात येतो तेव्हा दुसरा बाहेर पडतो. वहीत दोघांनी आळीपाळीने लिहिलं. आईने लिहिलं, साहेबांनी मुलीबरोबर दूध प्यायलं. खाली वडिलांनी लिहिलं, मी आलो तेव्हा दोघं झोपली होती, मुलीच्या आईला सांगा की खिडकीची कडी दुरुस्त केली. त्याखाली आईने लिहिलं, पाहिली, छान झाली, चहा झाकून ठेवला आहे. दोन दिवस नवरा-बायको आमच्या वहीतून बोलत होते. 

आणि खरी बातमी पुढेच. सोमवारी वाचन संपलं, मी वही मिटली, आणि मागच्या बाकावरून आवाज आला की बाई, साहेबांच्या खिशात काहीतरी आहे. सगळा वर्ग वळून पाहायला लागला. मुंगी उभी होती! खिशात तिच्या वडिलांनी बसचं तिकीट ठेवलं होतं, साहेबांच्या प्रवासासाठी. ती बाकांमधून पुढे आली, बटण काढलं, तिकीट सगळ्यांना दाखवलं, कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं तेही सांगितलं. पोपट पहिल्यांदाच गप्प होता.

आता प्रत्येक घराने खिशात काहीतरी ठेवून पाठवायचं असं वर्गाने ठरवलं आहे. तुमच्या चुकीला माझा मनापासून नमस्कार. हत्तीला खिसा मिळाला, पण माझ्या शाळेच्या फ्रॉकला कधी मिळाला नव्हता हं, चक्क शिंप्याच्या मुलीला! असो, तुमच्या नातीसारखं रुसायचं माझं वय नाही, आणि नात अजून तुम्हाला मिळायची आहे.

खोली अजून रिकामीच आहे. विषय काढलेला नाही, नुसती माहिती दिली.

लोभ आहे तसा राहावा, फक्त बसने दोन तासांवर आणावा.

तुमची
ठमी

*

रविवार, ८ सप्टेंबर

चि. सौ. ठमीस,
अनेक उ. आ.

पत्र न्हाव्याला दोनदा वाचून दाखवलं. त्या बसचालकाचं वाचून तो डोळे पुसत होता आणि गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच सुकत होता. मुंगीला माझी शाबासकी सांग.

पिठाचे डाग ओल्या फडक्याने काढावे. धुवायला टाकू नये, कापूस गोळा होतो.

मशीन उघडीच होती म्हणून न्हाव्याला एक अंगरखा शिवून दिला. त्यालाही खिसा लावला, कंगव्यासाठी. त्यानंतर आवरण परत घातलं.

माहिती मिळाली. मी तिथे येऊन काय करू, हा प्रश्न मात्र जागेवरच आहे. फ्रॉकबद्दल लिहिलंस ते वाचलं.

कळावे. लोभ आहे, तो दोन तासांनी उसवत नाही.

बाबा

*

शनिवार, १२ ऑक्टोबर

ति. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, बसून वाचा. साहेबांची सोंड उसवली. जुळ्यांचा मामेभाऊ आणि एक कुत्रा दोन टोकांनी ओढत होते असं वहीत प्रामाणिकपणे लिहून आलं आहे. सोमवारी वर्गात जे रडणं झालं ते ऐकून शेजारची ‘अ’ तुकडी पाहायला आली.

मोठ्या बाई म्हणाल्या की मी दोन टाके घालते. वर्गाने साफ नकार दिला. ज्यांनी केला त्यांनीच दुरुस्त करायचा, असं हात वर करून ठरलं. तेव्हा साहेब तुमच्याकडे येत आहेत, सोबत वही. आणि इथेच घोडं अडलं आहे बाबा. साहेब ज्या घरी जातात त्या घराने वहीत लिहायचंच, हा वर्गाचा नियम आहे. कोणाला सूट नाही. मी म्हटलं, आजोबा एकटेच असतात. मुंगी म्हणाली, एकट्याचं पण घर असतं ना.

खिशात मुलांनी काही ठेवलं आहे. मला पाहू दिलं नाही. बटण मुंगीने स्वतः लावलं.

लोभ असू द्या, आणि सोंड लवकर.

तुमची
ठमी

*

रविवार, २० ऑक्टोबर

चि. सौ. ठमीस,
अनेक उ. आ.

सोंड बसवली. आता कुत्राच काय, खरा हत्ती ओढायला आला तरी निघणार नाही.

वही एका बैठकीत वाचली. बेकरी, बस, गुडघे, सगळं. एवढ्या घरांत मी एका दुपारी जाऊन आलो. मग माझी पाळी आली. पेन घेऊन तासभर बसलो. शेवटी असं लिहिलं आहे: “साहेब आमच्याकडे सहा दिवस होते. घरात एकच माणूस असल्यामुळे त्यांना समोरच्या खुर्चीत बसवलं. ती खुर्ची दोन वर्षं रिकामी होती. त्यांनी चहा घेतला नाही, पण ओतलेला होता. खूप दिवसांनी दोन कप विसळले. बरं वाटलं.” हे वर्गात वाचण्यासारखं नसेल तर वाचू नकोस. पण खोटं काही लिहिलेलं नाही.

आता खिशाचं. त्यात बारा चिठ्ठ्या होत्या. मुंगीची सगळ्यात वर. ती लिहिते, “शिंपी आजोबा, साहेबांना खिसा आहे. आमच्या फ्रॉकला नाही. माझा रुमाल दिवसभर हातात असतो. तुम्हाला लावता येतो का?” बाकी अकरा मुलींचंही तेच गाऱ्हाणं आहे. एकीला खडू ठेवायचा आहे, एकीला पडलेला दात. कोण तुमचा तो गणवेश शिवणारा? मुलांच्या चड्डीला दोन खिसे आणि मुलींच्या फ्रॉकला एकही नाही! काही लाज आहे की नाही माणसाला, असं मी मोठ्याने म्हणालो. न्हावी म्हणाला, कोणाला बोलताय? तेव्हा मी चिठ्ठी खाली ठेवली.

कारण ठमे, तो माणूस मीही आहे. तुझी आई तेव्हा म्हणायची, पोरीच्या फ्रॉकला खिसा लाव. मी म्हणायचो, मुलींना कशाला, कापड ओघळतं, बसणी बिघडते. सगळ्या गावाला खिसे लावले आणि तुला खडूचा तुकडा मुठीत धरून शाळेत जाऊ दिलं. तू पत्रात थट्टेने लिहिलंस. मी ते थट्टेवारी नेलं नाही.

बारा फ्रॉक म्हणजे बारा मापं. प्रत्येकीचा हात कुठवर पोचतो ते पाहिल्याशिवाय खिसा कुठे लावायचा ते कळत नाही, आणि मापं काही पोस्टाने घेता येत नाहीत. तेव्हा शनिवारच्या सकाळच्या बसने येत आहे. साहेब माझ्याबरोबर असतील, त्यांचं तिकीट त्यांच्याकडे आहे. मशीनचं डोकं न्हावी बसमध्ये चढवून देईल, उतरवून घ्यायला जावईबापूंना पाठव. मागच्या खोलीत टेबल खिडकीशी लाव, उजेड डावीकडून यायला हवा. आईने शिवलेलं आवरणही आणतो. रोज काम संपल्यावर घालायला लागेल.

बारा खिशांना किती दिवस लागतील ते आत्ता सांगता येत नाही. ‘अ’ तुकडीतही मुली असतीलच.

कळावे. लोभ सोबत घेऊनच येतो आहे, तेव्हा पत्रात वेगळा लिहीत नाही.

बाबा

ता. क. बारा नव्हे, तेरा. शनिवारी आधी तुझं माप घेईन.