पाथरटोल्याचे दोन खांब

गोंदिया,
२२ जानेवारी १९५८

श्री. भोजराज यांस,

नमस्कार. तुमचं नाव मी पहिल्यांदाच लिहीत आहे. लग्नानंतर ते तोंडानं घ्यायचं नव्हतं आणि गेल्या चार वर्षांत लिहायचं कारण पडलं नाही. माझी प्रकृती बरी आहे. आईंची गुडघेदुखी थांबली असेल, असं धरून चालते.

तुम्ही पाठवलेला फारकतीचा कागद पोचला. माघ पुनवेला केशोराव आणि इतर पंच बसणार, त्याआधी सही करून पाठव, असं तुम्ही म्हणता. फारकतीला माझी ना नाही. अडचण तिसऱ्या ओळीची आहे. 'पाथरटोल्याच्या देवळात खांबाला मिठी मारताना पत्नीचे हात वीतभर कमी पडले, सबब दोष पत्नीचा, हे मला मान्य आहे.'

त्या ओळीबद्दलच लिहिते.

नागपूरला ड्राफ्ट्समनचं शिक्षण घेऊन मी आता जुन्या इमारतींचे नकाशे काढते, हे तुमच्या कानावर असेलच. नागऱ्याचं देऊळ डिसेंबरात संपवलं. गेल्या सोमवारी पाथरटोल्याला गेले. सोबत टेप धरायला ऑफिसचे उदाराम होते.

बसमधून पाय खाली टेकायच्या आत देऊळ दाखवणारे तिघं धावून आले. तुम्हाला आठवत असेल, लग्नानंतर आपण आलो तेव्हाही असेच आले होते. एकानं माझी पिशवीच धरली. "बाई, पहले मी पाहिलो तुमाले." दुसरा म्हणाला, "त्याच्यासंग जाऊ नोका जी, त्याले देव कोन्ता अन् द्वारपाल कोन्ता तेच समजत नाही." उदारामांनी पिशवी सोडवली. तिसरा मात्र हटला नाही. तो हिरालाल, तेव्हा आपल्याला देऊळ दाखवणारा. केस पिकलेत, आवाज तोच.

त्यानं मला ओळखलं नाही. तेव्हा माझ्या अंगावर हळदीचं लुगडं होतं आणि नजर खाली होती. आता चष्मा आहे.

"कायले उन्हात एकट्या फिरून राहिल्या? मी दाखवतो नं."

"मला पाहायचं नाही, मोजायचं आहे."

"मोजाले काय हाये? देवानं मोजूनच बनवलं."

गाभाऱ्याखालून थेट रामटेकला भुयार जातं, हे त्यानं दोनदा सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि काम चालू ठेवलं. सभामंडपात नंदीच्या दोन बाजूंना दोन गोल खांब आहेत, ते तुम्हाला माहीत आहेत. दिसायला जुळे. डाव्याचा घेर भरतो चार फूट दोन इंच, उजव्याचा चार फूट नऊ इंच. मी दोनदा मोजले, तिसऱ्यांदा उदारामांना मोजायला लावले.

मग हिरालालला विचारलं, "नव्या सुनांना मिठी मारायला कोणत्या खांबाशी उभं करता?"

तो हसला. "तुमी तं पढ्यालिख्या बाई, तुमाले काय लपवाचं? घरचे आधीच सांगून ठेवतेत. सून पसंत असन तं इकडचा, डावा. मनातून उतरली असन तं तिकडचा, उजवा. मंग देवच बोलते, आपल्याले बोला लागत नाही."

"आणि सांगतं कोण? सासू?"

"सासूले कायले सांगा लागते जी? ते तं नवराच सांगते. पुढं येऊन, विहिरीमागं."

त्या दिवशी मला आणि आईंना पिंपळाखाली थांबवून तुम्ही पुढे गेला होता. विहिरीमागे एक बिडी संपेपर्यंत हिरालालशी बोलत होता. नारळाचं विचारत असाल, असं मला वाटलं होतं.

मी पसंत नसणं हा तुमचा अधिकार होता. ते माझ्या तोंडावर सांगता आलं असतं. तुम्ही दगडाला सांगायला लावलंत आणि आई सगळ्या पंगतीत सांगत फिरल्या.

आणखी एक गोष्ट. ती लिहायची नव्हती. माहेरी परत आल्यावर कित्येक महिने मी कणगीला, आंब्याच्या बुंध्याला, जे गोल दिसेल त्याला मिठी मारून पाहत असे. माझ्यातच काही कमी आहे, हे मी मानलं होतं. सोमवारी उदाराम पाणी प्यायला गेले आणि हिरालाल बसकडे धावला, तेव्हा मी डाव्या खांबाला मिठी मारली. बोटं एकमेकांवर अडीच इंच चढली. थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग उजव्याला, जिथे तेव्हा मला उभं केलं होतं. तिथे साडेचार इंच कमी पडले. वीतभर नव्हे, साडेचार.

सोबत दोन्ही खांबांचा नकाशा जोडला आहे. त्याची दुसरी प्रत केशोरावांना आजच्याच टपालानं जाते. तुमच्या कागदावर सही केलेली नाही. तिसरी ओळ काढून कागद पाठवलात तर त्याच दिवशी करीन.

ओळ ठेवायचीच असेल, तर पंचांना पुनवेला पाथरटोल्यालाच बसवा. मी टेप घेऊन येते. आईंनाही आणा. त्या माझ्या खांद्याला लागतात. आधी त्यांना उजव्या खांबाला मिठी मारू द्या, मग माझ्या दोषाचं बोलू.

मोजणी व नकाशा करणारी,
शामकला