हातमोज्यांखाली झाकलेल्या दोन घंटा

प्रिय मम्मी,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय. राग गेला असं समजू नका.

आज रविवार. प्रॅक्टिस आटपून घरी आलो, मी सगळ्यांची पानं वाढली. तुमची लेक सँड्रा न जेवताच तुमच्या खोलीत गेली आणि दार लावून बसली. तुमचा लेक मेल्विन टीव्हीसमोर बसलाय आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवलाय. घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये. गणपती झाले आणि तुम्ही गेलात, आता नाताळ तोंडावर आलाय, तरी या घरात भांडण लावायला अजून तुम्हीच पुरे! म्हणून म्हटलं, जिच्याशी भांडायचंय तिलाच लिहावं. इथे उगाच दुसऱ्यांची डोकी कशाला खा?

भांडण तुमच्या त्या दोन घंटांवरून झालं. दुसरं काय असणार?

लग्न करून डोंबिवलीहून वर्तकनगरला आले तेव्हा मला घंटा म्हणजे देवळातली माहीत, नाहीतर शाळा सुटल्यावरची. तुम्ही मला चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेलात. लांबलचक टेबल, त्यावर फोम, फोमवर काळं कापड आणि त्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेल्या चकचकीत घंटा, प्रत्येकीला चामड्याची मूठ. एकेका बाईच्या हातांत पांढरे हातमोजे आणि समोर दोन घंटा, म्हणजे एकेकीच्या वाट्याला दोनच सूर. आपली पाळी आली की वाजवायची, लगेच खांद्याला टेकवून आवाज बंद करायचा आणि पुढचीने तिची उचलायची. एकच वाक्य सगळ्यांनी मिळून बोलायचं, एकेकीने एकेक शब्द. मला इतकं आवडलेलं ते, काय सांगू!

तुम्ही माझं मनगट धरून पाहिलंत, बाजारात दुधी बघतात तसं. आणि ग्रुपमधल्या अ‍ॅग्नेस आंटीला म्हणालात, “ही पोळ्या लाटणारी हाय. हिला मोठ्या दे.”

मोठ्या म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या. भरलेली कळशी एका हाताने उचलून झुलवायची म्हणजे कसं होतं, तसं. आणि अख्ख्या गाण्यात त्या वाजायच्या कधीमधी. बाकी वेळ नुसतं उभं राहायचं, खांदे भरून येईपर्यंत. तुमच्या हातात मात्र सगळ्यात छोट्या दोन, सगळ्यात वरच्या सुराच्या. चालीचा कळस तुमच्याकडे, शेवटचा सूर तुमच्याकडे, लोकांच्या नजरा तुमच्याकडे. मी आपली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पडद्याला चिकटून. फोटोत माझा अर्धा दंडच यायचा!

आठवतं, घोडबंदर रोडच्या त्या मॉलमध्ये वाजवायला बोलावलेलं? समोर सांताबरोबर सेल्फी काढायला ही गर्दी, वर मॉलवाल्यांचं गाणं चालूच. एक माणूस आपल्या टेबलावर त्याची पॉपकॉर्नची पिशवी ठेवून फोनवर बोलत होता. मी म्हटलं, “मम्मी, चला ना, कोण ऐकतंय?” तुम्ही डोळे वटारलेत. “मी ऐकते हाय,” म्हणालात. सगळी गाणी वाजवून घेतलीत आमच्याकडून. तेव्हा मला तुमचा केवढा अभिमान वाटलेला. हे तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलून काय उपयोग?

पण तो नियम! तो तुमचा नियम मला कधीच पटला नाही, मम्मी.

कल्याणच्या ग्रुपबरोबर आपलं गेट-टुगेदर होतं त्या दिवसाची गोष्ट. त्यांची एक बाई तापामुळे आली नव्हती. शेजारणीने हसत हसत तिच्याही घंटा उचलल्या, एका हातात दोन-दोन, आणि छान वाजवलं की! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तेवढ्या हात बांधून बसलेल्या. घरी येताना गाडीत आम्हाला सुनावलंत, “आपल्यात हे चालायचं नाय. जी नाय, तिची घंटा नाय. तिचा सूर रिकामा राहील. लोकांना कळू दे कोण नाय ते.”

तेव्हापासून ती रीतच पडली. न आलेल्या बाईच्या घंटा तिच्या जागेवर मांडायच्या, वर तिचे पांढरे हातमोजे झाकायचे. तिचा सूर आला की तेवढी जागा सोडून पुढे जायचं. कुणी हात लावायचा नाही. बायका कुरकुरल्या, पण तुमच्यापुढे कोण बोलणार?

आणि मग माझे बाबा गेले. नाताळच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी.

तुम्ही डोंबिवलीला आलात. गुडघे दुखत होते तरी माझ्या आईशेजारी खाली सतरंजीवर बसलात, तिचा हात हातात घेऊन. आई अजून सांगते, तुझी सासू आली आणि मला जरा बरं वाटलं. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालात, “उद्याचा विचार करू नको गो.” मला वाटलं, बाई कडक आहे पण माया आहे हो!

दुसऱ्या दिवशी कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. बाबांच्या फोटोसमोर दिवा लावलेला, आणि मी मोरीच्या दाराशी उभी राहून फोन कानाला लावून ऐकत होते. ओळ संपायची तिथे माझा सूर. आणि तिथे काहीच नाही. पुढची ओळ, परत काहीच नाही. जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी, तसं प्रत्येक वेळी. मध्येच कुणीतरी फिस्सकन हसलं, तेही ऐकू आलं. नंतर कळलं, अ‍ॅग्नेस आंटीने तुमच्या हातापाया पडून विचारलेलं, “वैशालीच्या घंटा मी घेऊ का? पोरीचा बाप गेलाय.” तुम्ही नाही म्हणालात. सगळ्यांदेखत नाही म्हणालात!

का, मम्मी? मी काय पिकनिकला गेलेले? नंतर कितीतरी दिवस चर्चच्या आवारात बायका मला गाठायच्या, “त्या दिवशी तूच नव्हतीस ना गं? गाणं अगदी लंगडं झालेलं.” मी मान हलवायचे आणि निघायचे. बापासाठी रडायचं सोडून मी गाण्यासाठी ओशाळी होत होते.

मी तुम्हाला विचारलं होतं. एकदाच. तुम्ही सिंकपाशी पापलेटं साफ करत होतात. मान वर न करता म्हणालात, “तू नव्हतीस. मग वाजेल कसं?”

बस, एवढंच. मी तुमच्या हातातल्या सुरीकडे बघत राहिले आणि मग कुकर लावला.

त्यानंतरही मी प्रॅक्टिसला आले, हे तुमच्या लक्षात आलं का कधी? पेट्या मी उचलायचे, फोम मी अंथरायचे, घंटा मऊ फडक्याने पुसून मी ठेवायचे. आणि खोटं कशाला बोलू, तुमच्या त्या दोन छोट्या घंटा मला हव्या होत्या. फार हव्या होत्या. चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून तुमचा सगळा भाग मी रिकाम्या हातांनी वाजवायचे. एकदा वळून बघते तर तुम्ही दारात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही म्हणालात, “डावा हात उशिरा येतोय,” आणि निघून गेलात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. मी डावा हात सुधारला, मम्मी. महिनाभर तेवढंच केलं. तुम्ही परत बघायला आलाच नाहीत.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात पेज कोण आणायचं? तुमचे केस कोण विंचरायचं? नर्सशी भांडून खिडकीजवळचा पलंग कुणी मिळवला? उपकार मोजत नाहीये. तुम्हीही माझ्या बाळंतपणात काही कमी केलं नाहीत, ते विसरले नाही मी. पण त्या दुपारी ग्रुपमधल्या सगळ्या तुम्हाला भेटायला आल्या, सँड्रा दुबईहून व्हिडिओ कॉलवर होती, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “माझ्या घंटा सँड्रा वाजवील.”

सँड्रा! जिला प्रॅक्टिसचं नाव काढलं की डोकं दुखायचं, ती तुमची लाडकी लेक? आणि नियमाचं काय झालं हो? ‘जी नाय, तिची घंटा नाय’ हे फक्त सुनेपुरतं? माझा बाप गेला तेव्हा नियम म्हणजे नियम, आणि स्वतःवर आलं तेव्हा लेकीला बोलावून घेतलंत? सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी थर्मासचं झाकण घट्ट करत बसले. ते घट्टच होतं.

तर आज काय झालं ते ऐका. सँड्रा रजा काढून आलीय, या नाताळसाठी, तुमचा शब्द राखायला. प्रॅक्टिसला आली आणि हातमोजे न घालताच तिने घंटा उचलल्या. त्यांच्यावर बोटांचे डाग उठले. तुमच्या देखत कुणी असं केलं असतं तर? सूर कधी आधी, कधी नंतर, खांद्याला टेकवायचं तर दरवेळी विसरायची. शेवटी घंटा खाली ठेवून रडायला लागली. “मला मम्मीसाठी वाजवायचंय गं,” म्हणाली. मला वाईट वाटलं. दगड नाहीये मी.

तेव्हा अ‍ॅग्नेस आंटी म्हणाली, “वैशाली, तू उभी रा तिथं. तुला सगळं येतं, आम्हाला ठाऊक हाय. तुझ्या मोठ्या सँड्राला दे. त्या काय, कमीच वाजतात.”

बघा! इतकी वर्षं जे मागत होते ते आपणहून समोर आलं. गेले मी. तुमच्या जागेवर उभी राहिले. तुमचे हातमोजे चढवले. उजव्याचा अंगठा तुम्ही शिवलेला, तो टाका बोटाला लागला. बामचा वास अजून आहे त्यांना. समोर त्या दोन घंटा. आणि माझा हात काही पुढे जाईना.

कारण ते मला अ‍ॅग्नेस आंटी देत होती. सँड्राला जमलं नाही म्हणून मिळत होतं. तुम्ही दिलं नव्हतंत. एकदा, फक्त एकदा, त्या दोन घंटा माझ्या हातात ठेवून तुम्ही “घे गो” म्हणाला असतात ना, तर आयुष्यभर तुमचं सगळं माफ केलं असतं मी! आता दुसरीने टाकलेलं मला नको.

मी हातमोजे काढले आणि त्या दोन घंटांवर झाकून ठेवले. म्हटलं, “आपल्या ग्रुपचा नियम काय आहे?”

सँड्राला कळायला जरा वेळ लागला. मग तिचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मम्मीचा सूर तू गाळणार? मम्मीचा? तू बदला घेतेयस, वैशाली!”

“घेत असेन,” मी म्हटलं.

अ‍ॅग्नेस आंटी पर्समध्ये रुमाल शोधत होती. “अगो, शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर तिचाच हाय. तो नाय वाजला तर गाणं संपायचंच नाय.”

“नाही संपायचं,” मी म्हटलं.

रुमालाने डोळे पुसून ती म्हणाली, “नियम तिचाच हाय,” आणि आपली जागा घेतली. बाकीच्याही आपापल्या जागी गेल्या. मग आम्ही वाजवलं. तुमची जागा सोडत सोडत. चाल वर चढली की तुटायची, नुसते खांब उभे आणि वर छप्पर नाही. सँड्रा मध्येच उठून बाहेर गेली. मी मोठ्या घंटा वाजवत राहिले. रडलेही, पण हात चुकला नाही.

आता सगळे मला विचारतायत, हे तू मानाने करतेयस की रागाने? मेल्विननेही विचारलं. मम्मी, माझ्या बाबांच्या वेळी तुम्ही जे केलंत ते शिक्षा म्हणून की मान म्हणून, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी वाट बघितली, हॉस्पिटलातही बघितली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपून गेलात. मग मीही सांगणार नाही. बसा विचार करत.

पण एक शब्द देते तुम्हाला. नाताळच्या कार्यक्रमाला तुमच्या घंटा मी माझ्या हाताने पुसेन, सँड्राच्या बोटांचे डाग काढून. तुमच्या जागेवर मांडेन, वर तुमचे हातमोजे. सँड्राला त्या जागेमागे खुर्ची देईन, तिला हवं तेवढं रडू दे, कुणी काही बोललं तर माझ्याशी गाठ आहे. पण त्या घंटांना कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर आला की आम्ही सगळ्या हात खाली घेऊन थांबू, तुमचा सूर जेवढा लांबायचा तेवढा वेळ. लोक चुळबुळ करतील. कुणी हसेलही. हसू दे. अख्ख्या चर्चला ऐकू जाऊ दे कोण नाही ते.

आणि नंतर कुणी विचारलंच, गाणं असं अर्धवट का सोडलंत, तर मान वर न करता सांगेन, त्या नव्हत्या. मग वाजेल कसं?

तुमची सून,
मोठ्या घंटांची
वैशाली