बिनझोळाची तार

आबा,

आधी ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते मुद्दामच. तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही आणि मी भांडायला बसले आहे. पण आज अंगणात जे झालं, ते तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

घट बसायला आलेत. आईनं दरवर्षीसारखं घरातलं सगळं पांघरूण धुवायला काढलं. तुमच्या लाडक्या लेकानं, दत्तूनं, वाळत घालायला नवी तार बांधली. अगदी तुमच्यासारखी! दोन दगडी खांबांमध्ये, दातओठ खात ताणलेली.

मी म्हटलं, जरा झोळ राहू दे. तो हसला. म्हणाला, आबा असते तर झोळ बघून शिव्या घातल्या असत्या.

घातल्याच असत्या! झोळ म्हणजे तुमच्या लेखी आळस. मी लोहाऱ्याच्या शाळेत गणित शिकवते. बैलाची साखळी दोन हातांत धरून पोरांना दाखवते. ती आपल्याच वजनानं मधे खाली येते, कितीही ओढा, पुरती सरळ होत नाही. उलट जितकी ताणाल तितकी टोकांना आत खेचते. हेच तुम्हाला सांगायला गेले, तर काय म्हणालात?

"लंगडीनं मला सरळ-वाकडं शिकवायचं न्हाय."

लंगडी मला केलं कुणी, आबा?

सातवीत होते मी. असंच घटाचं धुणं होतं. तुमच्या ताठ तारेवर एक ओली गोधडी टाकली आणि खांब उपटून माझ्या पायावर आला. तुम्ही गावभर सांगितलंत, पोरगी तारेला माकडासारखी लोंबकळली. कसं जमलं हो तुम्हाला?

आज आईनं स्वतः ओली गोधडी टाकली. खांब कलला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आडवा झाला. तिनं वाकून त्याचं उघडं पडलेलं बूड चाचपलं. मग मला म्हणाली, "म्हंजे तू लोंबकळली नव्हतीस व्हय?"

"नव्हते," मी म्हटलं.

"अन् म्या तुला त्या मोडक्या पायावर मारलं गं."

तेव्हापासून ती जेवलेली नाही. खोटं तुमचं, आणि मारायला लावलंत तिला! याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

एक वचन देते. वर्षश्राद्धाला भावकी जमेल, तुमच्या शिस्तीचं कौतुक होईल. तेव्हा तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी सांगणार आहे, की पोर लोंबकळली नव्हती, तार आबांनी ओढली होती. आणि आई माझ्या शेजारी उभी असेल.

तुमची थोरली,
संगीता